नेत्र आणि कर्ण : वृषभपूजेचे विसरलेले अंग

श्रावणी अमावास्या हा आपल्या मराठवाड्यात पोळ्याचा मंगल दिवस होय. आदल्या सायंकाळी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या खांद्याला हळद व तूप चोळले जाते आणि मग घरधनी बैलाच्या कानाशी तोंड नेऊन त्याला उद्याच्या भोजनाचे आवतण देतो. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर अथवा नदीवर न्हाऊ घातलेली, झूल पांघरलेली, बाशिंग बांधलेली जोडी वेशीवरील मारुतीला प्रदक्षिणा घालून दारी येते, तेव्हा गृहिणी तिच्या पायांवर पाणी घालते, कपाळी कुंकुम लावते आणि निरांजनाची ज्योत तिच्या डोळ्यांपुढे धरते. जळकोट, उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार या टापूत, जेथे देवणी आणि लाल कंधारी हे दोन नामांकित गोवंश नांदतात, तेथे हा सोहळा घराघरांतील कुलाचार आहे. सीमेकडील काही गावांत ज्येष्ठी पौर्णिमेस कारहुणवीच्या निमित्ताने हेच वृषभपूजन होते. दिवस कोणताही असो, आवतण कानाला आणि ज्योत डोळ्यांना, असे या पूजेचे स्वरूप आहे.

परंतु ज्या कानात आपण आवतण दिले तो कान ठणकत तर नाही ना, आणि ज्या डोळ्यांपुढे ज्योत धरली त्या डोळ्यांना ती दिसते तरी का, हा प्रश्न पूजा करणारे हात क्वचितच विचारतात. मुके जनावर आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. पाय लंगडला तर ते चार पावलांत कळते आणि चारा सोडला तर गव्हाणीत दिसते. पण एका डोळ्याची दृष्टी गेली तरी बैल दुसऱ्या डोळ्यावर औत ओढीत राहतो, आणि धन्याला ते कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वर्षातील एक सकाळ अशी आहे की त्या दिवशी घरातील प्रत्येक गुराला मस्तकापासून खुरापर्यंत हात लागतो. त्या सकाळी सजावटीच्या आधी डोळे व कान पाहण्याचा रिवाज पडावा, तो पूजेचाच भाग मानला जावा, हे आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

निरिंद्रिय गायींची कथा

कठोपनिषदाचा आरंभ एका गोदानाने होतो. वाजश्रवस नावाचा ब्राह्मण सर्वस्व दान करावयाच्या यज्ञास बसला. दानाच्या गायी नेल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्याचा कुमार पुत्र नचिकेता त्यांजकडे पाहत उभा होता. त्या गायींचे शेवटचे पाणी पिऊन झाले होते, शेवटचे तृण खाऊन झाले होते, दूध काढून घेतलेले होते आणि त्या निरिंद्रिय झाल्या होत्या. या शब्दाचा अर्थ आचार्यांनी प्रजननास असमर्थ असा केला आहे. शब्दशः पाहता ज्यांच्या इंद्रियांची शक्ती सरली आहे अशा, असाही त्याचा अर्थ होतो. त्या बालकाच्या ठिकाणी श्रद्धा प्रविष्ट झाली आणि अशा गायी देणाऱ्यास आनंदहीन लोक प्राप्त होतात, असा विचार त्याच्या मनात आला, असे श्रुती सांगते.

येथे दोष गायींचा नाही, हे सुज्ञ वाचकांनी ध्यानी घ्यावे. वार्धक्य वा आंधळेपण हा जनावराचा अपराध नव्हे. जनावराकडे न पाहता केवळ संख्येने पुण्य मोजणे, हा यजमानाचा दोष होता. आणि नचिकेत्याची श्रद्धा कोठे जागी झाली? मंत्र ऐकताना नव्हे, गायींकडे पाहताना. डोळे उघडे ठेवून पाहणे ही श्रद्धेची पहिली पायरी आहे, असे आम्ही या आख्यानातून समजतो.

आपल्या पूर्वजांनी तशी दृष्टी ठेवली होती, याला ग्रंथांची साक्ष आहे. विराटाच्या घरी अज्ञातवासात राहताना नकुलाने अश्वशाळा पत्करली आणि सहदेवाने गोधन. गायी निरोगी राखण्याची विद्या आपणास अवगत आहे, ही त्याची ओळख होती. अश्ववैद्यकात शालिहोत्राचे व गजवैद्यकात पालकाप्याचे नाव आदराने घेतले जाते. सम्राट अशोकाने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात कोरविलेल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची व पशूंची अशा दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. अग्निपुराणात तर गवायुर्वेदाचा अध्यायच असून त्यात शिंगाच्या विकारांपाठोपाठ कर्णशूलाचा विचार येतो; मंजिष्ठ, हिंग व सैंधव घालून सिद्ध केलेले, अथवा लसणाचे तेल त्यावर सांगितले आहे.

मात्र हे वाचून कोणी आजच बैलाच्या कानात तेल ओतू नये. गायीचा कान दुखतो, तो ओळखावा आणि त्यावर उपाय करावा, एवढी सूक्ष्म जाणीव त्या काळी होती, हे त्या अध्यायाचे महत्त्व आहे. कानाचा पडदा फाटलेला असताना आत सोडलेले कोणतेही तेल अपाय करू शकते, आणि पडदा शाबूत आहे की नाही हे पाहण्याचे साधन आज पशुवैद्यांच्या हाती आहे. पूर्वजांचा आदर करावयाचा तर त्यांची जिज्ञासा उचलावी.

डोळ्यांतील पाणी व डोळ्यांतील फूल

पावसाळ्यात माशा माजतात आणि त्याच दिवसांत गुरांचे डोळे येतात. या साथीच्या मुळाशी बहुधा मोरॅक्सेला बोव्हिस नावाचा जिवाणू असतो. माशी एका गुराच्या डोळ्यातील पाणी चाटून दुसऱ्याच्या डोळ्यावर बसते आणि रोग गोठाभर फिरतो. धूळ, प्रखर ऊन व कोरड्या चाऱ्याचे टोचणारे कूस यांनी डोळा आधीच खरचटलेला असेल तर जिवाणूला वाट सापडते. प्रारंभी एकाच डोळ्यातून पाणी वाहते, गालावर ओघळ दिसतो आणि जनावर तो डोळा मिटून धरते व उजेडापासून तोंड वळविते. एकदोन दिवसांत डोळ्याच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यावर मध्यभागी पांढुरका ठिपका येतो. यालाच आपण फूल पडणे म्हणतो. त्या जागी व्रण होऊन तो खोल गेला तर पडदा फुटतो आणि डोळा कायमचा जातो. प्रारंभीच औषध मिळाले तर बहुतेक डोळे वाचतात व फूलही हळूहळू विरळ होते. म्हणून या रोगात दिवसांचा हिशेब धरावा लागतो. आज पाणी वाहते, पोळा झाल्यावर पाहू, हे म्हणणे परवडणारे नाही.

फूल दिसले की गावोगाव अद्यापि काही अघोरी उपाय होतात. कोणी मीठ फुंकतो, कोणी तंबाखू चघळून तिची पिंक डोळ्यात टाकतो, कोणी काचेची वस्त्रगाळ पूड घालतो. आपल्या स्वतःच्या डोळ्यात धुळीचा कण गेला तर आपण किती व्याकुळ होतो, हे आठवावे आणि मग त्या मुक्या जिवाची कल्पना करावी. अशा उपायांनी व्रण अधिक खोल जातो. घरात माणसांसाठी आणलेले डोळ्यांचे थेंब उरले असतील तर तेही घालू नयेत. त्यांपैकी कित्येकांत स्टेरॉईड असते, आणि व्रण असलेल्या डोळ्यात ते पडले तर बरा होणारा डोळाही बिघडतो.

महाभारताच्या आदिपर्वातील उपमन्यूची कथा कीर्तनातून सर्वांनी ऐकली आहे. धौम्य ऋषींची गुरे राखणारा हा शिष्य क्षुधेने व्याकुळ होऊन अर्काची पाने खाता झाला, अंध झाला व विहिरीत पडला. पुढे गुरूच्या आज्ञेने त्याने अश्विनीकुमारांची स्तुती केली आणि त्यांच्या कृपेने त्याला दृष्टी लाभली. अर्क म्हणजे आपली रुई. तिच्या पानांची माळ आपण मारुतीला वाहतो. तिचा पांढरा चीक डोळ्यास गेल्यास पारदर्शक पडद्याला सूज येऊन दृष्टी अंधुक होते, हे आधुनिक नेत्रवैद्यांनीही नोंदविले आहे. तेव्हा काटा काढण्यासाठी वा खरजेवर रुईचा चीक लावण्याची सवय असेल, तर तो हात गुराच्या व आपल्याही डोळ्यास लागू देऊ नये. माळ ओवणाऱ्या मुलींनी हात धुऊन मगच चेहऱ्यास लावावेत.

डोळ्याचे सर्वच विकार जिवाणूंचे नसतात. कधी तिसऱ्या पापणीखाली पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक कृमी असतात. त्यांस थेलॅझिया म्हणतात व तेही माशांमार्फतच पसरतात. घोड्याच्या डोळ्यात तर याहून विस्मयकारक प्रकार आढळतो. गाई-बैलांच्या उदरपोकळीत राहणाऱ्या सेटारिया नावाच्या कृमीची सूक्ष्म अळी डासांवाटे घोड्याच्या शरीरात शिरते, वाट चुकून डोळ्यात पोहोचते आणि बुबुळापुढील पाण्यात वळवळताना उघड्या डोळ्यांनी दिसते. पशुवैद्य शस्त्रक्रियेने तो कृमी बाहेर काढतात. लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे व बैल यांचा मोठा बाजार भरतो. तेथे दात पाहून वय ठरविणारे जाणते पुष्कळ असतात. त्यांनी दोन्ही डोळ्यांसमोर हात नेऊन पापणी मिटते की नाही, हेही पाहावे. हात सावकाश व वारा न लावता न्यावा, नाहीतर वाऱ्याच्या स्पर्शानेच पापणी मिटते आणि आंधळा डोळा डोळस वाटतो. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलजोडी घेतानाही हीच परीक्षा उपयोगी पडेल.

दुष्काळी वर्षांत आणखी एक विकार डोके वर काढतो. हिरवा चारा महिनोन्महिने न मिळता केवळ वाळलेल्या कडब्यावर गुरे जगली, तर अ जीवनसत्त्वाचा साठा संपतो आणि रातांधळेपणा येतो. सायंकाळी रानातून परतताना जनावर खांबाला धडकते, दारातील उंबऱ्याशी अडखळते. अशा गायीच्या पोटी जन्मलेले वासरू आंधळे निपजू शकते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. जेथे पाण्याची ही दशा, तेथे हिरव्या चाऱ्याची काय कथा! म्हणून टंचाईतही मूठभर हिरवा पाला, शेवरीच्या वा सुबाभळीच्या डहाळ्या, अथवा पशुवैद्यांनी दिलेले जीवनसत्त्व गाभण गायीस मिळेल असे पाहावे. आणि वासरास जन्मतःच चीक पाजावा, कारण त्या पहिल्या दुधात हे जीवनसत्त्व विपुल असते.

डोळा हा आतल्या रोगाचाही आरसा आहे. खालची पापणी अलगद ओढून आतील त्वचा पाहावी. ती गुलाबी असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर रक्त कमी, पिवळी असेल तर कावीळ. दक्षिण आफ्रिकेत शेळ्या-मेंढ्यांच्या पापणीचा रंग एका रंगतक्त्याशी ताडून रक्तपित्या जंतांचा उपद्रव ओळखण्याची पद्धत बसविली गेली आणि ती अनेक देशांत रूढ झाली. सर्रा या रोगात घोड्याचे, म्हशीचे वा कुत्र्याचे डोळे धुरकट होऊ शकतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली, तेव्हा अंगावरील गाठींकडे सर्वांचे लक्ष गेले. परंतु त्या रोगात डोळ्यांतून पाणी वाहणे व फूल पडणे हीसुद्धा लक्षणे असतात. अंगावर गाठी व ताप असलेले गुर पोळ्याच्या मिरवणुकीत मुळीच नेऊ नये. त्याची पूजा गोठ्यातच करावी.

कानाचे दुखणे

देवणी व लाल कंधारी या दोन्ही वंशांचे कान लांब आणि लोंबते. देवणीत गीर वंशाचे रक्त असल्याचे जाणकार मानतात. हे कान दिसावयास देखणे खरे, परंतु लोंबत्या कानात वारा कमी खेळतो व ओल टिकते. भारतातून ब्राझील देशात नेलेल्या गीर गोवंशात, अशाच लांब व वळलेल्या कानांत सूक्ष्म कृमी वाढून कान सडण्याचा विकार पुष्कळ आढळतो. तेव्हा नदीत बैल धुताना पाणी कानात शिरणार नाही असे पाहावे आणि स्नानानंतर मऊ कोरड्या फडक्याने कानाची पाळी आतून पुसून घ्यावी. काडी, पीस वा तार कानाच्या आत घालू नये.

कानाची पाळी उलटी करून पाहिली की सर्वप्रथम गोचीड दिसतात. तेथील त्वचा पातळ व रक्तवाहिन्या वरवर असल्याने ती जागा त्यांस आवडते. गोचीड केवळ रक्त पीत नाही, थायलेरियासारख्या तापाचे बीजही शरीरात सोडते. त्या तापात कानाखालच्या व खांद्यापुढच्या गाठी सुजतात आणि संकरित गाय पाहता पाहता दगावते. गोचीड ओढून उपटला तर त्याचे तोंड त्वचेत राहून जखम होते. रॉकेल लावले तर कानाची त्वचा भाजते. पशुवैद्यांनी सांगितलेले औषध ठरलेल्या मात्रेत लावावे आणि त्याबरोबर गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवाव्यात, कारण मादी गोचीड तेथे जाऊन हजारो अंडी घालते. भेगा तशाच ठेवून केवळ गुरावर औषध फवारणे म्हणजे दार उघडे ठेवून चोर हाकलण्यासारखे आहे.

पावसाळ्यात कानावरील लहानशा जखमेवरही माशी बसून अळ्या पडतात. म्हशींच्या कानावर तर माशांवाटे पसरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे चिघळणारे व्रण होतात. शेळी वारंवार डोके झटकीत असेल व कानात खपल्या दिसत असतील, तर ते कानातील खरजेच्या किड्यांचे काम असू शकते. खंडोबाचा सोबती म्हणून आपण ज्यास भाकरीचा तुकडा घालतो, त्या श्वानाच्या कानातही अशाच किड्यांमुळे काळसर चिकट मळ साठतो व तो कान खाजवून रक्तबंबाळ करतो.

काही लक्षणे कानाशी दिसतात, पण रोग दुसरीकडे असतो. एकच कान लोंबू लागला, त्याच बाजूची पापणी व ओठ सैल पडले आणि जनावर एकाच दिशेने गोल फिरू लागले, तर तो मेंदूचा विकार असतो. बुरशी आलेला, नासलेला मुरघास हे त्याचे एक कारण आहे. बैल डोके एका बाजूस कलते धरतो, शिंग खांबावर घासतो, नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो, तेव्हा शिंगाच्या कर्करोगाची शंका घ्यावी. हा रोग आपल्या देशी बैलांत विशेष आढळतो. शिंग आतून पोकळ असून ती पोकळी कपाळाच्या पोकळीशी जोडलेली असते, म्हणून शिंगातील विकाराचे चिन्ह नाकाशी उमटते. सतत होणारी इजा हे त्याचे एक संशयित कारण आहे. शिंगे देखणी दिसावीत म्हणून दर पोळ्यास ती खोल तासणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता कानातील पिवळ्या बिल्ल्याविषयी. बारा अंकांचा हा बिल्ला म्हणजे गुराची ओळख. तो काही नवा परकीय रिवाज आहे, असे मानून नाक मुरडणारे भेटतात, म्हणून सांगतो. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात गुरांच्या कानांवर खूण करण्याचे सूक्त आहे. भगवान पाणिनींच्या अष्टाध्यायीतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात कर्ण शब्दाविषयी एक सूत्र असून त्यात गुरांच्या कानांवरील खुणांची यादीच आली आहे. कोणाच्या गायींच्या कानावर स्वस्तिक, कोणाच्या कानावर स्रुवा, कोणाच्या कानास छिद्र. आपली गाय ओळखू यावी, ही गरज अडीच हजार वर्षांपूर्वीही होती. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या गुरांच्या खरेदी-विक्रीस मनाई आहे. मात्र बिल्ला मारल्यावर काही दिवस त्या छिद्राकडे लक्ष ठेवावे. सूज, दुर्गंधी वा माशा दिसल्यास तत्काळ दाखवावे. बिल्ला झुलीच्या गोंड्यात अडकून कान फाटणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

पोळ्याच्या दिवशीचे पथ्य

पोळ्याच्या सकाळी बैल न्हाऊन आला की झूल चढविण्यापूर्वी त्यास उजेडात उभा करावा. एक जण मोरकी धरील, दुसरा पाहील. दोन्ही डोळे सारखे उघडे आहेत का, गालावर पाण्याचा ओघळ आहे का, पडद्यावर ठिपका आहे का, पापणीची आतली त्वचा गुलाबी आहे का. दोन्ही कान सारख्या उंचीवर आहेत का, आतून दुर्गंधी वा स्राव आहे का, पाळीला गोचीड आहेत का, डोके तो सरळ धरतो का. या पाहणीस एका बैलामागे अर्धी घटकाही लागत नाही. गृहिणींनी हे काम पुरुषांवर सोडू नये. ज्या हातांनी त्या ओवाळणार, त्या हातांनीच पापणी उचलून पाहावी; ज्या नजरेला लेकराचे डोळे आल्याचे घरात सर्वांआधी कळते, तिला वासराचेही कळेल.

डोळा चिपडलेला असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून बाहेरून पुसावा, प्रत्येक डोळ्यास वेगळा कापूस घ्यावा, त्या जनावरास सावलीत व इतरांपासून दूर बांधावे आणि हात साबणाने धुवावेत. पुढचे काम पशुवैद्यांचे. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क होतो. तालुक्याचा दवाखाना आहे. आणि आपल्या शेजारी उदगिरास १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

सजावटही विचाराने व्हावी. शिंगांना वारनिसाचे उग्र रंग लावताना त्यांचे थेंब डोळ्यात उतरतात. त्याऐवजी गेरू किंवा हळद बेताने लावावी. बाशिंगाची झालर व बेगडाची कड डोळ्यावर येणार नाही अशी बांधावी. मस्तकावर गुलाल उधळू नये. आणि कर्णकर्कश ध्वनिक्षेपक व फटाके यांविषयी तर आमची कळकळीची विनंती आहे. माणसाच्या कानास साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो, गाई-बैलांच्या कानास सुमारे पस्तीस हजारांपर्यंतचा. जो नाद आपणांस ऐकूही येत नाही, तोही त्यांस ऐकू येतो. सनई, डफ आणि घागरमाळा यांवर मारुतीची प्रदक्षिणा आजवर सुखाने होत आली. मंगलाष्टके म्हणावयास मनुष्याचा कंठ पुरतो.

सर्व काळजी घेऊनही एखाद्या जनावराची दृष्टी जातेच. बाजारात त्याची किंमत राहत नाही, औतास ते चालत नाही, आणि गरीब शेतकऱ्याच्या घरी तो मोठाच पेच उभा राहतो. त्या पेचाकडे आम्ही उपदेशकाच्या उंचीवरून पाहत नाही. परंतु ज्याने दहा वर्षे आपले शेत नांगरले, त्याला निरिंद्रिय झाल्यावर दाराबाहेर काढणे, हे वाजश्रवसाच्या दानापेक्षाही हीन ठरेल. आंधळे गुर सांभाळणे वाटते तितके अवघड नाही. त्याची दावण, गव्हाण व पाण्याची जागा बदलू नये. जवळ जाताना आधी हाक मारावी, मग हात लावावा. वाटेतील औत-अवजारे बाजूस ठेवावीत. भित्र्या गुरांच्या गळ्यात, ती कोठे आहेत हे कळावे म्हणून, घंटा बांधावी, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, आंधळ्या बैलाच्या जोडीदाराच्या गळ्यात घंटा बांधावी. डोळे गेले तरी कान शाबूत असतील, तर त्या नादामागे तो चरावयास जाईल आणि तिन्हीसांजेला त्याच नादामागे आपल्या दावणीला परत येईल.